टेस्ट पास झाले, आता पहिली मोटरसायकल कोणती घेऊ?

पहिलागिअर

मंगळवारी टेस्ट पास झाले. दुसऱ्या खेपेला. पहिल्या वेळी आठ काढताना पाय टेकला गेला होता, त्यामुळे या वेळी आठाचं दुसरं वळण सुटेपर्यंत मी श्वास सोडला नव्हता. आता लायसन्स येईल आणि दारात गाडी नाही.

माझी माहिती देते. वय ३६, उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो. शिकले ती शिकवणीची १२५ सीसी गाडी, टाकीला पोचे आलेली, पण माझे दोन्ही पाय पूर्ण टेकायचे. याआधी स्कूटरही चालवलेली नाही, सायकल मात्र वर्षानुवर्षं चालवते. रोज कामावर जाऊन येऊन २६ किलोमीटर. त्यातलं अर्धं अंतर गर्दीचं, थांबत-थांबत जायचं. उरलेला मोठा रस्ता, तिथे ७०-८० चा वेग लागतो. निदान वर्षभर तरी मागे कोणाला बसवणार नाही.

डोक्यात दोन गाड्या आहेत. एक रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०. लहान असल्यापासून तो आवाज गल्लीच्या टोकाला आला की मी खिडकीत जायचे. दुसरी यामाहा एमटी-१५. भाऊ म्हणतो, "१५५ सीसी घेऊन काय करशील? तीन महिन्यांत अपुरी पडेल, एकदाच मोठी घे." शिकवणारे सर म्हणाले, "सवय होते, आवडेल ती घे."

शनिवारी दोन्हींवर बसून आले. दोन्हींवर चवडेच टेकले, टाचा वर. क्लासिकवर बसल्यावर फार छान वाटलं. पण उतरायच्या आधी ती जरा मागे घ्यायला गेले तर हललीच नाही. फरशीला किंचित चढ होता, नुसता बघून कळणारही नाही इतका. शेवटी शोरूममधल्या मुलाने मागून ओढली तेव्हा हलली. तो हसला नाही, उलट चांगला वागला, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. रोज कामाच्या ठिकाणी पार्किंगमधून मला ती एकटीने काढायची आहे.

कोणती घेऊ? नवी की सेकंडहँड? आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, खरंच एवढी महत्त्वाची आहे का?

लांबचीवाट

मनापासून सांगतो, क्लासिक घ्या. मोठ्या रस्त्यावर ८० च्या वेगाला शेजारून ट्रक गेला की हलकी गाडी वाऱ्याने बाजूला सरकते, जड गाडी बसल्या जागी शांत असते. पाच तास चालवून उतरलात तरी अंग आंबत नाही. आणि जी गाडी बघून खिडकीत धावायचात ती सोडून दुसरी घेतलीत तर मन तिच्यातच राहील. ढकलायचं तंत्र असतं, ते महिन्याभरात येतं. उतारावर नाक खाली करून गाडी लावायचीच नाही, हा पहिला धडा.

सावकाश

पहिलागिअर ताई, अभिनंदन. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. गाडी मागे हलली नाही, ही गोष्ट सोडून देऊ नका.

माझी पहिली गाडी सेकंडहँड होती, दोनशे किलोच्या वरची. घेतल्याचा तिसरा दिवस. पेट्रोल भरून बाहेर पडताना रस्त्याला लागायच्या आधी छोटा उतार होता. तिथे थांबलो आणि उजवा पाय टाकला तो नेमका बारीक खडीवर. पाय फार तर चार बोटं सरकला असेल. गाडी उजवीकडे कलली, मी मांडीने आवळून धरली, क्षणभर वाटलं सावरली, आणि मग ती माझ्या हातांदेखत खाली गेली. वेग शून्य. ब्रेकचा लिव्हर वाकला, इंडिकेटर तुटला, मला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढचे दोन महिने, जिथे थांबून वळावं लागेल असा प्रत्येक रस्ता टाळून मी दीड किलोमीटरचा फेरा घालत होतो. मग हळूहळू गाडी दारात आणि मी बसमध्ये. सहा महिन्यांनी ती विकली. गाडी चालवायला मी शिकलो ते त्यानंतर, शेजाऱ्यांच्या हीरो स्प्लेंडरवर. तिचं वजन ११२ किलो.

गाडी सरळ उभी असते तोवर तिचं वजन टायर पेलतात, आपल्याला काही कळत नाही. म्हणून शोरूममध्ये बसल्यावर वाटतं की जमतंय. ती कलायला लागली की भार एका पायावर येत जातो, आणि एका टप्प्यानंतर कितीही ताकदीच्या माणसाला ती सोडावीच लागते. हलक्या गाडीत हा टप्पा उशिरा येतो. क्लासिक ३५० तेल-पेट्रोल धरून १९५ किलो आणि एमटी-१५ १४१ किलो. फरक ५४ किलोंचा, म्हणजे बरोबर तुमच्या वजनाइतका.

आता सीसीचं. भाऊंना हे आकडे दाखवा. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं, त्याची कमाल ताकद सुमारे २० पीएस (म्हणजे साधारण तितकीच हॉर्सपॉवर). एमटीचं १५५ सीसी, ताकद सुमारे १८ पीएस. निम्म्याहून लहान इंजिन आणि ताकदीत फरक जेमतेम दोनाचा. मोठ्या रस्त्यावर ८० ला एमटी अपुरी पडणार नाही. फरक आहे तो ताकद कधी मिळते यात. क्लासिकचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, २७ न्यूटनमीटर आणि तो ४,००० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. एमटीचा साधारण १४, तोही ७,५०० आरपीएमला. त्यामुळे गर्दीत क्लासिकचा क्लच थोडा चुकीचा सुटला तरी गाडी पुढे सरकते. एमटीला रेस देऊन हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, सांभाळावं लागतं, नाहीतर बंद पडते. पहिल्या आठवड्यात ती तुमच्याकडून बऱ्याच वेळा बंद पडेल, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र तिचा क्लच हाताला हलका आहे. थांबत-थांबत जाणाऱ्या १३ किलोमीटरमध्ये डाव्या मनगटाला त्याचं मोल कळेल.

सीटच्या उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. क्लासिक ८०५ मिलिमीटर, एमटी ८१० मिलिमीटर. कागदावर सारखंच. पण सीट पुढे किती रुंद आहे, तुमच्या वजनाने शॉकअप किती बसतो, पायात बूट कोणते आहेत, यावर टाच किती वर राहते ते ठरतं. दोन्ही पाय पूर्ण टेकायलाच हवेत असंही नाही. बूड जरा एका बाजूला सरकवून एक पाय सपाट टेकला आणि दुसरा ब्रेकवर राहिला तरी पुरतं. ही सवय करावी लागते आणि ती हलक्या गाडीवर लवकर होते.

पुन्हा जा, रोजचे बूट घालून जा. साइड स्टँड काढून, बसल्या बसल्या पायांनी गाडी दहा पावलं मागे न्या. मग उतरून, बाजूला उभं राहून, हँडल पूर्ण वळवून तिचा एक गोल फिरवा. ओढाताण न करता, मध्ये न थांबता झाला तर ती गाडी तुम्हाला पेलते. हँडल एका टोकाला पूर्ण वळलेलं असताना लांबचा हात ताणला जातो का ते बघा. क्लच आणि ब्रेक दोन बोटांनी सहज ओढता आले पाहिजेत. टेस्ट राइडला पळवून बघू नका. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने चालवा आणि एक यू-टर्न घ्या. वेगात सगळ्याच गाड्या सोप्या वाटतात.

तो आवाज हवाच असेल तर एनफील्डचीच हंटर ३५० बघून या. इंजिन क्लासिकचंच, वजन १८१, सीट ७९० मिलिमीटर, चाकं १७ इंची, त्यामुळे वळायला चपळ. तरी ती एमटीपेक्षा ४० किलोंनी जड आहे, हे लक्षात असू द्या.

अजून एक. "छोटी घे, तीन महिन्यांत बदल" हाही सल्ला मिळेल. तो मानू नका. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला होता, त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता. रस्त्यावर गाडी चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव मात्र सरासरी जवळजवळ तीन वर्षांचा होता. गाडी बदलली की माणूस पुन्हा नवशिका होतो. म्हणून अशी घ्या की जी आज पेलेल आणि दोन वर्षं ठेवावीशी वाटेल.

एबीएस हवंच, आणि दोन्ही चाकांना असेल तर उत्तम. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला की १७ मीटर संपले, ब्रेक लागायच्या आधीच. अशा वेळी नवा माणूस उरलेली सगळी भीती पुढच्या ब्रेकवर काढतो. रस्ता ओला असला तर चाक लॉक होतं आणि गाडी खालून निघून जाते. एबीएस ते चाक फिरतं ठेवतं. थांबायचं अंतर ते जादूने कमी करत नाही, पण तुम्हाला गाडीवर ठेवतं.

रात्रपाळी

गाडीबद्दल सावकाश यांनी सांगितलंच आहे. मी अपघात विभागात रात्रपाळी करते, म्हणून एवढंच सांगते. गाडीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी हेल्मेट, हातमोजे, जॅकेट आणि घोटा झाकणारे बूट घ्या, आणि उरेल त्यात गाडी बसवा. उलटं करू नका.

हेल्मेट सगळेच सांगतात, हातमोजे कोणी सांगत नाही. माणूस पडला की आधी हात पुढे जातात, ते आपल्या हातात नसतं. अगदी २०-२५ च्या वेगालाही तळव्याची कातडी डांबरावर सोलून निघते आणि बारीक खडी आत रुतून बसते. ती काढल्याशिवाय जखम बांधता येत नाही, म्हणून बधिर करून ब्रशने घासावी लागते. त्यानंतरचे पंधरा दिवस त्या माणसाला स्वतःचं बटणही लावता येत नाही. एक जाड चामड्याचा मोजा हे सगळं वाचवतो.

हेल्मेट डोक्यात घालून, पट्टा लावून, मागून वर ओढून बघा. पुढे निघून आलं तर ते मोठं आहे. गालाला घट्ट लागायला हवं, बोलताना गाल दातांत येईल इतपत चालेल. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. आणि पट्टा न लावता निघू नका. पट्टा न लावलेली हेल्मेटं आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर येत नाहीत, बरोबरची माणसं ती हातात घेऊन येतात.

चौदानंबर

मेकॅनिक आहे, सेकंडहँडचं सांगतो. पहिली गाडी जुनी घ्या असंच माझं मत. नवी गाडी पहिल्यांदा आडवी झाली की माणूस महिनाभर चालवायला घाबरतो. आधीच एक ओरखडा असेल तर दुसऱ्याचं दुःख होत नाही. फक्त बघून घ्या.

आधी फोन करून सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाजवळ हात न्या. गरम असेल तर का तापवून ठेवली ते विचारा. थंड गाडी सेल्फला कशी उठते, यातच अर्धी परीक्षा होते. उठल्यावर मागून बघा, निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय, तिथून परत या.

मेन स्टँड असेल तर त्यावर घ्या, एकाला मागून दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडत न्या. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं 'टक' अडलं तर हँडलचे बेअरिंग गेलेत. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि गाडी सरळ का चालत नाही म्हणून ते टायर बदलत बसतात. मग पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर सील गेलंय. नळीला खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही.

चेन मागच्या चक्रावर, अगदी मागच्या टोकाला धरून ओढा. दात दिसण्याइतकी सुटली तर पूर्ण सेट बदलायचा, नुसती चेन नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं, पावसात पकडत नाही. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, पायाचे रबर घासलेले असतील तर गाडी पडलेली आहे. पडणं वाईट नाही, खोटं बोलणं वाईट. म्हणून आधी विचारा, मग बघा.

इंजिन नंबर आणि चासी नंबर कागदांशी स्वतः ताडून घ्या. फोटोवरून नाही, गाडीशेजारी उकिडवं बसून.

पहिलागिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बूट घालून गेले होते.

क्लासिक सपाट जमिनीवर तीन पावलं मागे गेली, चौथ्याला पाठीत कळ आली. गोल फिरवताना अर्ध्यावर थांबले, कारण ती माझ्या अंगावर यायला लागली आणि पहिल्यांदाच कळलं की सावकाश म्हणतात तो टप्पा कसा असतो. हंटरचा गोल पूर्ण झाला, पण शेवटी हात थरथरत होते. एमटीची दहा पावलंही झाली आणि गोलही, बोलता बोलता.

हंटर चालवून बघितली. हळू चालवायला खरंच सोपी, यू-टर्नही झाला. लांबचीवाट, तुमचं म्हणणं मला समजलं. तो आवाज खालून येतो तेव्हा अंगावर काटा येतो. एमटी मात्र दोनशे मीटरमध्ये तीनदा बंद पडली. पण एक गोष्ट लक्षात आली. तिन्ही वेळा गाडी थोडी कललीही, आणि तिन्ही वेळा मी ती धरली, विचार न करता. हंटरवर मी पूर्ण वेळ फक्त ती कलू नये एवढंच बघत होते, रस्ता बघतच नव्हते.

माझ्या ऑफिसातल्या एकीच्या भावाची दोन वर्षं वापरलेली एमटी आहे, दोन्ही चाकांना एबीएस असलेली. चौदानंबर, इंजिन थंड होतं, हँडल अडलं नाही, शॉकअप कोरडे. मागच्या टायरचे आकडे वाचले, तो गाडीइतकाच जुना आहे. चेन मागे ओढल्यावर दात दिसले. डाव्या लिव्हरचं टोक घासलेलं होतं, मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं की पार्किंगमध्ये पडली होती. चेन-सेट बदलून देतो म्हणाला. घेऊ ना?

चौदानंबर

आधी सांगणारा माणूस आहे, घ्या. चेन बदलल्यावर चाक फिरवत चार-पाच ठिकाणी ढील बघा, सगळीकडे सारखी हवी. पुढे कधी नवा टायर टाकलात तर पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी जास्त कलवू नका, नव्या टायरचा वरचा थर निसरडा असतो.

सावकाश

घ्या. पहिले दोन आठवडे ऑफिसला नेऊ नका. पहाटे रिकामं मैदान गाठा आणि तीनच गोष्टी करा. रेस न देता नुसत्या क्लचवर गाडी हलवायची आणि थांबवायची, पन्नास वेळा. मागचा ब्रेक हलका दाबून ठेवून मोठे गोल काढायचे, मग लहान करत न्यायचे, नजर पुढच्या चाकावर नाही तर जिथे जायचंय तिथे. आणि ३० च्या वेगावरून दोन्ही ब्रेक लावून थांबायचं, पुढचा झटक्यात न ओढता दाब वाढवत नेत. ते जमलं की ४०. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे पायांनी मोजून बघा, म्हणजे अंगात भिनेल.

मग चढावर थांबून सुटण्याचा सराव. ऑफिसच्या वाटेवर चढावरचा सिग्नल आहे का?

पहिलागिअर

आहे, अगदी शेवटी, वळणाच्या तोंडाशी.

गाडी घेऊन आज सतरा दिवस झाले. बारा दिवस मैदानावर गेले. हातमोजे आधी घेतले, गाडी नंतर. काल पहिल्यांदा ऑफिसला नेली. जाताना गर्दीत एकदाही बंद पडली नाही. त्या चढावर मात्र दोनदा बंद पडली, मागून हॉर्न वाजत होते. पाय टेकून उभी राहिले, न्यूट्रल केली, पुन्हा सुरू केली, मागचा ब्रेक धरून क्लच सोडला. तिसऱ्यांदा सुटली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या मागे कोणीतरी स्कूटर अगदी चिकटून लावलेली होती. मी माझी गाडी पुढे घेतली, वळवली आणि बाहेर काढली. एकटीने.